डीआय बॉक्स मिक्सरला जोडताना: कोणता घ्यायचा, आधी काय, नंतर काय

गोव्यात देवळाच्या उत्सवात एकाच मंडपात संध्याकाळी भजन असतं, रात्री संगीत नाटक आणि दुसऱ्या दिवशी ऑर्केस्ट्रा. ऑर्गनच्या जागी आलेला कीबोर्ड, पिकअप (वाद्याच्या आवाजाचा विद्युत सिग्नल करणारा भाग) लावलेलं व्हायोलिन, मँडोलिन, बेस गिटार, पार्श्वसंगीताचा लॅपटॉप, सगळं एकाच मिक्सरला जातं. आणि तक्रारीही ठरलेल्याच: स्पीकरमधून गुणगुण, व्हायोलिनचा आवाज पत्र्यासारखा, पिन काढताना धाडकन आवाज, ट्रॅकमधले शब्द गायब. यात डीआय बॉक्स, म्हणजे वाद्य आणि मिक्सर यांच्यामध्ये लावायची डबी, क्वचितच बिघडलेला असतो. बॉक्स चुकीच्या जातीचा घेतलेला असतो, जोडणीचा क्रम उलटा असतो, नाहीतर अर्थिंगशी कुणीतरी खेळलेलं असतं.

डीआय काय करतो ते आधी स्पष्ट असू द्या. वाद्याच्या पिकअपला हवा तेवढा जास्त इम्पिडन्स (सिग्नलला होणारा विरोध) तो समोर ठेवतो, अनबॅलन्स्ड (एकाच तारेवरचा) सिग्नल बॅलन्स्ड (दोन तारांवरचा, बाहेरचा गोंगाट टाळणारा) करतो आणि त्याची पातळी माइकच्या सिग्नलजवळ आणतो. आत ट्रान्सफॉर्मर असेल तर वाद्य आणि मिक्सर यांच्यातला थेट विद्युत संबंधही तोडतो. तुटकी केबल, सैल पिकअप किंवा नसलेली अर्थिंग यावर त्याच्याकडे इलाज नाही.

१. यादी करा: डीआय कुणाला, माइक कुणाला

स्टेजवर जाण्याआधी कागदावर प्रत्येक वाद्यापुढे एक शब्द लिहा: डीआय किंवा माइक. हार्मोनियम, तबला, पखवाज, घुमट, शामेळ, झांज यांना माइकच. ज्या वाद्यातून वायर बाहेर येते त्यालाच डीआय.

इलेक्ट्रिक गिटार थेट डीआयमधून घेऊ नका. गिटार अॅम्पचा स्पीकर साधारण ५ किलोहर्ट्झच्या वरचा आवाज फारसा बाहेर सोडत नाही. तो मध्ये नसला की गिटार, विशेषतः डिस्टॉर्शनवर, करवतीसारखी लागते. अॅम्पपुढे माइक लावा, किंवा कलाकाराच्या प्रोसेसरमध्ये कॅबिनेटचा इफेक्ट असेल तर तो चालू करून घ्या. प्रोसेसरला स्वतःचं एक्सएलआर (माइकच्या केबलसारखं तीन पिनांचं) आउटपुट असेल तर वेगळ्या डीआयची गरज नाही. मात्र त्या चॅनलचा फॅन्टम (मिक्सर एक्सएलआर केबलमधून पाठवतो ती ४८ व्होल्टची वीज) बंद ठेवा.

यादीतच चॅनलचे क्रमांक टाका आणि स्टिरिओ वाद्यांना लागोपाठचे दोन द्या. कीबोर्ड एकाच चॅनलवर घ्यायचा असेल तर पिन डाव्या, म्हणजे ‘एल/मोनो’ लिहिलेल्या भोकात. फक्त उजव्या भोकात लावली तर निम्माच आवाज येतो आणि वादक उगाच व्हॉल्यूम वाढवत बसतो.

२. पॅसिव्ह की अॅक्टिव्ह

अर्ध्या तक्रारींचं मूळ इथे आहे. नियम सोपा आहे: पॅसिव्ह वाद्याला अॅक्टिव्ह डीआय, अॅक्टिव्ह वाद्याला पॅसिव्ह डीआय. अॅक्टिव्ह डीआयला चालायला फॅन्टम किंवा बॅटरी लागते, पॅसिव्हला लागत नाही.

वाद्य पॅसिव्ह म्हणजे आत बॅटरी नाही आणि त्याला वीजही लागत नाही. साधी बेस गिटार, व्हायोलिनच्या घोडीला चिकटवलेला पिएझो पिकअप, मँडोलिनचा पिकअप ही अशी वाद्यं. पॅसिव्ह डीआयमधल्या ट्रान्सफॉर्मरचे वेढे साधारण १०:१ ते १२:१ प्रमाणात असतात. मिक्सरच्या माइक इनपुटचा इम्पिडन्स दीड-दोन किलोओहम धरला, तर वाद्याला समोर जेमतेम १५० ते ३०० किलोओहम दिसतात. पिएझोला किमान १ मेगओहम लागतो. तेवढा मिळाला नाही की आधी खर्ज जातो आणि उरतो तो किरकिरा, पातळ आवाज. मग मिक्सरवर बास कितीही वाढवा, व्हायोलिन परत येत नाही, नुसती घरघर वाढते. तिथे १ मेगओहम किंवा त्याहून जास्त इनपुट असलेला अॅक्टिव्ह डीआयच हवा.

कीबोर्ड, लॅपटॉप, इलेक्ट्रॉनिक तानपुरा, तालयंत्र, आत प्रीअॅम्प असलेली गिटार यांचा सिग्नल मुळातच दणकट असतो. त्यांना ट्रान्सफॉर्मरवाला पॅसिव्ह डीआय उत्तम. तो सिग्नल सुमारे २० डेसिबल खाली आणतो, फॅन्टम मागत नाही आणि विद्युतदृष्ट्या वाद्य वेगळं ठेवतो. असं वाद्य अॅक्टिव्ह डीआयला लावलं तर चालतं, पण मोठ्या आवाजाला बॉक्सच्या आतच सिग्नल फाटू शकतो. तेव्हा बॉक्सवरचा पॅड (सिग्नल कमी करणारं बटण) लागतो.

*तपासणी:* अॅक्टिव्ह डीआय ९ व्होल्टच्या बॅटरीवर चालवणार असाल तर ती आधी मोजा. भार नसताना ८ व्होल्टच्या खाली असेल तर बदला. बॅटरी उतरत आली की आवाज लगेच बंद पडत नाही, आधी मोठे स्वर फाटतात, आणि दोष कीबोर्डवर किंवा वादकावर ढकलला जातो. बऱ्याच बॉक्समध्ये इनपुटला पिन लावलेली राहिली की बॅटरी चालूच राहते. प्रीअॅम्पवाल्या गिटारचंही तसंच, म्हणून मध्यंतरात पिन काढून ठेवायला सांगा.

३. वीज: इथे घाई नको

कलाकाराचा हात तारांवर आणि ओठ माइकच्या जाळीवर असतात. दोन्ही ठिकाणची अर्थिंग एक नसेल तर करंट त्याच्या शरीरातून जातो. म्हणून मिक्सर, अॅम्प, कीबोर्ड, लॅपटॉप या सगळ्यांची वीज एकाच बोर्डावरून घ्या. मंडपात थ्री-फेज पुरवठा असतो. स्टेजच्या एका टोकाला एक फेज आणि मिक्सरपाशी दुसरी असेल, तर दोन फेजमधला दाब सुमारे ४१५ व्होल्ट भरतो. रोषणाई आणि डिमर वेगळ्या फेजवर ढकला, ध्वनीचं सगळं एका ठिकाणी.

मंडपाच्या वायरमनकडून सॉकेट मोजून घ्या. फेज ते न्यूट्रल आणि फेज ते अर्थ, दोन्हीकडे जवळपास २३० व्होल्ट यायला हवेत. न्यूट्रल ते अर्थ एक-दोन व्होल्ट चालतील. फेज ते अर्थ फार कमी येत असेल किंवा आकडा तरंगत असेल तर अर्थिंग नाही असंच समजा. जनरेटर असेल तर त्याची अर्थिंगची सळी बघा. कोरड्या जांभ्यात वरवर खोचलेली सळी नसल्यासारखीच असते. बोर्डावर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट अर्थकडे गळला की वीज तोडणारा स्विच) असावा यासाठी आयोजकांकडे आग्रह धरा.

इशारा: गुणगुण जावी म्हणून थ्री-पिनची जाड पिन काढणं, तिच्यावर टेप गुंडाळणं किंवा टू-पिनचा अडॅप्टर लावणं, यातलं काहीही करू नका. गुणगुण जाते हे खरं, पण त्यासोबत कलाकाराचं संरक्षणही जातं. पावसाळ्यात, ओल्या लादीवर अनवाणी उभ्या असलेल्या माणसाच्या बाबतीत ही जीवघेणी गोष्ट आहे. तोडायची असेल तर सिग्नलची अर्थ तोडा. ती सोय डीआयवर ‘ग्राउंड लिफ्ट’ बटणाने दिलेली आहेच.

*तपासणी:* जोडणी पूर्ण झाल्यावर, कलाकार स्टेजवर येण्याआधी मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवा. एक टोक गिटारच्या तारांना, दुसरं गाण्याच्या माइकच्या जाळीला लावा. शून्याच्या आसपास आलं तर ठीक. शंभर-सव्वाशे व्होल्टच्या घरात आकडा दिसला तर बहुधा अर्थिंग नसलेलं एखादं उपकरण साखळीत आहे. अशा ठिकाणी करंट बऱ्याचदा थोडाच असतो, पण ते गृहीत धरून कुणाला गायला उभं करू नका. उपकरणं एकेक बंद करून दोषी शोधा, मग पुढे.

४. केबल

वाद्य ते डीआय ही केबल ३ मीटरची, फार तर ५ मीटरची. ती अनबॅलन्स्ड असते. तिची कपॅसिटन्स मीटरला साधारण १०० पिकोफॅरड धरली, तर १० मीटरला १,००० पिकोफॅरड होतात. पॅसिव्ह पिकअपचे वरचे स्वर त्यात बुजतात आणि डिमरची भुणभुण आत शिरते. म्हणून डीआय वादकाच्या पायाशी ठेवायचा, मिक्सरपाशी नाही. मिक्सर प्रेक्षकांच्या मागे ठेवून ३० मीटरची जॅक केबल ओढायची आणि डीआय मिक्सरला टेकवून ठेवायचा, ही चूक फार दिसते. तिथे बॉक्स असून नसल्यासारखा. डीआयच्या पुढची एक्सएलआर केबल बॅलन्स्ड असल्यामुळे ५० मीटरही निर्धास्त जाते.

वाद्याला शील्ड असलेली केबलच लावा. स्पीकरच्या केबलला तीच जॅक पिन असू शकते, पण तिला शील्ड नसतं. टोपी उघडून बघा: मधल्या तारेभोवती जाळी हवी. दोन जाड तारा शेजारी शेजारी दिसल्या तर ती केबल स्पीकरकडे परत.

एक्सएलआरमध्ये १ नंबर शील्ड, २ नंबर हॉट, ३ नंबर कोल्ड. केबल टेस्टर नसेल तर मल्टिमीटरने तिन्ही टोकं एकेक तपासा आणि तारा एकमेकांना चिकटलेल्या नाहीत हेही बघा. पॅसिव्ह डीआयच्या बाबतीत हे अधिकच महत्त्वाचं आहे. चांगल्या केबलवर फॅन्टम चुकून चालू राहिला तरी ट्रान्सफॉर्मरला काही होत नाही, कारण २ आणि ३ वर दाब सारखाच असतो. पण त्यातली एक तार शील्डला चिकटलेली असेल तर डीसी करंट ट्रान्सफॉर्मरमधून वाहतो आणि आवाज बिघडतो.

किनाऱ्यावरच्या खाऱ्या, दमट हवेत पिना काळ्या-हिरव्या पडतात. काँटॅक्ट क्लीनर मारून सुती कापडाने पुसा. सँडपेपर लावू नका, मुलामा निघाला की पुढच्या पावसाळ्यात पिन अधिकच गंजते.

५. जोडणीचा क्रम

हाच क्रम पाळा.

१) मिक्सरवर त्या चॅनलचा म्यूट दाबा, फेडर खाली, गेन (आत येणारा सिग्नल वाढवणारं बटण) कमीत कमी, फॅन्टम बंद. लहान मिक्सरला सगळ्या चॅनलचा मिळून एकच फॅन्टम असतो. तिथे सगळेच चॅनल आणि मुख्य फेडर खाली घ्या.

२) डीआयवरची बटणं मूळ जागी आणा: पॅड ०, ग्राउंड जोडलेलं, पोलॅरिटी सरळ. आधीच्या कार्यक्रमात कुणीतरी दाबलेला ४० डेसिबलचा पॅड शोधण्यात तुमची संध्याकाळ जाऊ नये.

३) डीआयच्या आउटपुटपासून स्टेजबॉक्सपर्यंत (स्टेजवरच्या केबल एकत्र करून मिक्सरकडे नेणारा डबा) एक्सएलआर लावा. क्लिक वाजला पाहिजे.

४) वाद्याचा व्हॉल्यूम शून्यावर आणि कीबोर्ड बंद असताना जॅक आधी डीआयच्या इनपुटमध्ये, मग वाद्यात. वादकाचा अॅम्प असेल तर ‘थ्रू’ किंवा ‘लिंक’मधून त्याला दुसरी केबल.

५) आता फॅन्टम, तोही अॅक्टिव्ह डीआय असेल तरच. चालू करून दहा-पंधरा सेकंद थांबा.

६) कीबोर्ड चालू करा आणि व्हॉल्यूम पाऊण भागावर ठेवा.

७) मग म्यूट काढा, फेडर शून्याच्या खुणेवर, आणि शेवटी गेन.

इशारा: सामायिक फॅन्टम असलेल्या मिक्सरला जॅक-टू-एक्सएलआर केबलने कीबोर्ड किंवा लॅपटॉप कधीही थेट लावू नका. कंडेन्सर माइकसाठी कुणीतरी ४८ व्होल्ट चालू करतो, ते वाद्याच्या आउटपुटमध्ये शिरतात आणि आउटपुटचा भाग जळू शकतो. तिथे मध्ये ट्रान्सफॉर्मरचा डीआय असलाच पाहिजे.

दुसरा इशारा: अॅम्पच्या स्पीकर आउटपुटमधून सिग्नल घ्यायचा तर त्यासाठी खास इनपुट किंवा ४० डेसिबलचा पॅड असलेलाच डीआय वापरा, आणि बॉक्सवर लिहिलेल्या मर्यादेत. व्हॉल्व्हचा अॅम्प असेल तर त्याचा स्पीकर जोडलेलाच राहू द्या. डीआय हा स्पीकरच्या जागी बसणारा भार नाही. स्पीकर काढला तर अॅम्पचा आउटपुट ट्रान्सफॉर्मर जाऊ शकतो.

अॅक्टिव्ह डीआय मुका राहिला तर स्टेजकडच्या टोकाला १ आणि २ मध्ये डीसी व्होल्ट मोजा, मग १ आणि ३ मध्ये. दोन्हीकडे ४४ ते ५२ यायला हवेत. एकीकडे येऊन दुसरीकडे शून्य आले तर केबल किंवा स्टेजबॉक्सचा टाका तुटलाय.

६. लॅपटॉप

नाटकाचं पार्श्वसंगीत आणि गाण्यांचे ट्रॅक यावरच चालतात, आणि सर्वांत जास्त घोळ इथेच होतात.

हेडफोनच्या भोकात डावा, उजवा आणि सामायिक अर्थ असे तीन संपर्क असतात. मिक्सरच्या बॅलन्स्ड जॅक इनपुटलाही तीनच: हॉट, कोल्ड, अर्थ. एका टोकाला छोटी आणि दुसऱ्या टोकाला मोठी स्टिरिओ पिन असलेली केबल सरळ लावली, तर मिक्सर डाव्यातून उजवा वजा करतो. दोन्हीकडे सारखं असलेलं सगळं, म्हणजे गायकाचा आवाज, बेस, ढोलकी, नाहीसं होतं आणि मागे नुसता पोकळ प्रतिध्वनी उरतो. स्टेजवरच्या माणसाला वाटतं फाइल खराब आहे.

बरोबर रीत अशी: ३.५ मिलिमीटरच्या स्टिरिओ पिनपासून दोन मोनो ६.३५ मिलिमीटरच्या पिना फुटणारी केबल घ्या. एक पिन पहिल्या पॅसिव्ह डीआयला, दुसरी दुसऱ्याला, किंवा एकाच स्टिरिओ डीआयच्या दोन इनपुटना. तिथून दोन एक्सएलआर, दोन चॅनल, पॅन डावीकडे आणि उजवीकडे. चॅनल एकच शिल्लक असेल तर डावी-उजवी तार एकत्र पिळू नका, कारण दोन आउटपुट एकमेकांवर भार टाकतात. डीआयवर ‘मर्ज’ किंवा ‘सम’ बटण असेल तर ते वापरा, नसेल तर लॅपटॉपच्या सेटिंगमध्ये आवाज मोनो करा.

चार्जर लावल्यावर किणकिण येते आणि काढल्यावर जाते? मग दोष चार्जरच्या वाटेचा आहे. ट्रान्सफॉर्मरच्या डीआयवर ग्राउंड लिफ्ट दाबा, बहुतेकदा लगेच शांत होतं. अंक सुरू असताना चार्जर काढून बॅटरीवर चालवणं हा आयत्या वेळचा उपाय आहे, पण बॅटरी पुरेल याची खात्री आधी करा. सूचनांचे आवाज, ब्लूटूथ आणि स्क्रीन बंद होण्याची वेळ हे सगळं आधीच बंद करून ठेवा.

७. गेन आणि थोडं इक्यू

वादकाला त्याचा सर्वांत मोठा तुकडा वाजवायला सांगा, ‘जरा वाजवून बघतो’ असा नव्हे. कीबोर्डवर प्रत्येक आवाजाची पातळी वेगळी असते. ऑर्गन, ब्रास आणि तालवाद्यांचे आवाज तपासल्याशिवाय गेन पक्का करू नका. डिजिटल मिक्सरवर सरासरी उणे १८ डेसिबलच्या आसपास आणि शिखरं उणे ६ डेसिबलच्या खाली ठेवा. अॅनालॉगवर सुई शून्याभोवती खेळू द्या. गेन अगदी कमी असूनही लाल दिवा लागतोय तर डीआयचा पॅड लावा. गेन जवळजवळ पूर्ण वर न्यावा लागतोय तर वाद्याचा व्हॉल्यूम कमी आहे, किंवा पॅड चुकून लागलेला आहे.

लो-कट (ठरावीक हर्ट्झच्या खालचा आवाज कापणारं बटण) सगळ्यांना सारखा लावू नका. पाश्चात्त्य पद्धतीने लावलेल्या व्हायोलिनची खालची मोकळी तार १९६ हर्ट्झची, तिथे १२० पर्यंत बेधडक कापा. पण आपले वादक गायकाच्या पट्टीनुसार तारा उतरवतात, म्हणून खालचा सा ऐकून ठरवा. चार तारांच्या बेस गिटारची खालची तार ४१ हर्ट्झची, तिचा लो-कट ३० च्या वर नेऊ नका.

८. गुणगुण शोधण्याचा क्रम

एका वेळी एकच गोष्ट बदला, आणि पिन काढण्याआधी दरवेळी म्यूट. तीन ठिकाणी एकदम हात घातला तर गुणगुण गेली तरी का गेली ते कळत नाही, आणि ती रात्री नाटकाच्या मध्यावर परत येते.

आधी जॅक डीआयच्या इनपुटमधून काढा. गुणगुण तशीच राहिली तर दोष डीआयपासून मिक्सरकडे आहे. एक्सएलआर बदला, मग स्टेजबॉक्सचा दुसरा चॅनल घ्या. गुणगुण गेली तर दोष वाद्याच्या बाजूला. वाद्याची केबल बदला, मग वाद्याचं चार्जर किंवा अडॅप्टर काढून बघा.

ग्राउंड लिफ्ट यानंतर, आणि इथे एक बारकावा ध्यानात ठेवा. कीबोर्ड, लॅपटॉप किंवा अॅम्प वेगळ्या वाटेने अर्थशी जोडलेला असेल तर लिफ्ट दाबल्याने लूप (दोन वाटांनी अर्थ जोडल्यामुळे झालेलं कडं) तुटतो आणि शांतता होते. पण बेस गिटार किंवा व्हायोलिन फक्त डीआयलाच लावलेलं असेल, तर त्याला अर्थ मिळते ती डीआयमधूनच. तिथे लिफ्ट दाबलात तर गुणगुण वाढते. म्हणजे ‘लिफ्ट दाबून बघितला, उलट बिघडलं’ ही बॉक्सची खोट नव्हे. अॅक्टिव्ह डीआयवर लिफ्टचा परिणाम काही वेळा अर्धवटच होतो, कारण फॅन्टमचा परतीचा रस्ता त्याच १ नंबर पिनमधून जातो. तिथे ट्रान्सफॉर्मरचं आउटपुट असलेला बॉक्स कामाला येतो.

आवाजाची जातही वाट दाखवते. सलग, खोल गुणगुण बहुधा अर्थ लूपची. रोषणाई कमी-जास्त केली की बदलणारी तिखट भुणभुण डिमरची: सिग्नलची केबल विजेच्या केबलपासून लांब घ्या, ओलांडायचीच असेल तर काटकोनात. गिटारवाला जागेवर फिरला की कमी-जास्त होणारी गुणगुण पिकअपची असते. तिला डीआय काही करू शकत नाही, वादकाला अॅम्पपासून आणि लाइटच्या ट्रान्सफॉर्मरपासून दूर उभं करा.

९. आवरताना

म्यूट, गेन खाली, फॅन्टम बंद, दहा-पंधरा सेकंद थांबा, मगच पिना काढा. आधी वाद्याची, मग डीआयची. बॅटरीवाल्या डीआयमधून बॅटरी काढून ठेवा. गोव्याच्या पावसाळ्यात ती आत फुटली की बॉक्सची संपर्कपट्टीही जाते. बॉक्स आणि केबल झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा, आणि ज्या केबलवर संशय आला तिला तिथल्या तिथे लाल टेप गुंडाळा. चांगल्या केबलच्या गठ्ठ्यात ती परत टाकू नका.